तांब्याचा हिशेब जुळत नाही: ३८ मिलिग्रॅम कुठे मुरले?

शुभ्रतारा
मंडळी, मी विद्युतरसायन शिकवते. फॅरडेचा नियम (द्रावणातून जेवढा विद्युतभार जाईल त्या प्रमाणातच धातू साठतो) फळ्यावर मांडून झाला की मुलांकडून तो प्रत्यक्ष करून घ्यायचा, असं यंदा ठरवलं होतं. तांब्याच्या दोन पट्ट्या, मोरचुदाचं द्रावण (लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण ०.१ मोलर), त्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड. ऋणाग्राची पट्टी (जिच्यावर तांबं साठतं ती) द्रावणात ५ सेंमी × ४ सेंमी बुडालेली, दोन्ही बाजू धरून ४० चौरस सेंमी. करंट ०.४० अँपिअर, वेळ ४५ मिनिटं.

आकडेमोड अशी:
विद्युतभार = ०.४० × २७०० = १०८० कूलोम
तांबं = १०८० × ६३.५५ ÷ (२ × ९६४८५) = ०.३५६ ग्रॅम (६३.५५ हा तांब्याचा अणुभार, २ म्हणजे दर आयनाला लागणारे इलेक्ट्रॉन, ९६४८५ म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनचा भार, कूलोममध्ये)

पट्टी धुतली, वाळवली, वजन केलं. वाढ भरली ०.३१८ ग्रॅम. म्हणजे ३८ मिलिग्रॅम कमी, जवळजवळ ११ टक्के. काटा ०.००१ ग्रॅमपर्यंत वाचतो, त्यामुळे दोष काट्याचा नाही. एका मुलीने विचारलं, "मॅडम, नियम चुकला की आपण?" वेळ मारून न्यायला "प्रायोगिक त्रुटी" म्हणता आलं असतं, पण तोंडातून निघेना. ते ३८ मिलिग्रॅम गेले कुठे, हे मला तिला सांगायचं आहे.

सांजवारा
छान धागा. वाचते आहे.

गणितवेडा
आधी आकडेमोड तपासली. बरोबर आहे. अणुभार ६३.५ घ्या नाहीतर ६३.५४६, फरक पडतो तो दहाव्या टक्क्याच्या आतला. इलेक्ट्रॉन २ हेही ठीक, कारण मोरचुदात तांबं द्विसंयुजी असतं, त्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात. तेव्हा गोम गणितात नाही.

पण एक बाब नोंदवून ठेवा. मीटर ०.४० दाखवतो म्हणजे खरा करंट ०.३९५ ते ०.४०५ यांमध्ये कुठेही असू शकतो. सव्वा टक्का इकडेतिकडे तिथेच झाला. ११ टक्क्यांना मात्र ते पुरत नाही.

मोकळा_श्वास
शाळा-कॉलेजच्या प्रयोगात ९० टक्के उत्तर आलं तर उत्तम म्हणायचं. फॅरडेचा नियम हा आदर्श परिस्थितीचा, प्रत्यक्षात थोडं कमीच येणार. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

अणुरेणू
@मोकळा_श्वास, इथे माझा ठाम विरोध. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. फॅरडेचा नियम "साधारण खरा" नाही. पट्टीवर पोचलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या तरी अभिक्रियेत खर्च होतोच, त्याला दुसरी वाट नाही. तो तांब्याच्या आयनाला मिळाला, हायड्रोजन आयनाला मिळाला, की पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला, एवढाच प्रश्न. या तिन्ही खात्यांची बेरीज केली तर १०० टक्केच येते. आपण एकच खातं उघडून बघतो आणि बाकीचे पैसे बुडाले म्हणतो.

प्लेटिंगवाले (विजेने धातूचा मुलामा देणारे) ज्याला "करंट एफिशियन्सी" म्हणतात ती हीच: एकूण भारापैकी किती टक्के आपल्याला हव्या त्या धातूवर खर्च झाला. ती कमी म्हणजे नियम लंगडा असं नाही, उरलेला भार दुसऱ्या कामाला लागला एवढंच.

म्हणून ताईंच्या विद्यार्थिनीला माझं उत्तर: नियम चुकलेला नाही. आता तुमचं नेमकं काय निसटलं ते शोधू.

सांजवारा
+१. "आदर्श परिस्थिती" हे शब्द मीही लहानपणी फार ऐकले. त्यांच्यापाशी येऊन सगळे प्रश्न थांबायचे.

लोलक
मला वाटतं मी चोर पकडला. 🙂

करंट कशाने मोजलात? वीजपुरवठा साधा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायरचा (एसीचा डीसी करणारा) असेल, पुढे चढउतार सपाट करणारा कपॅसिटर नसेल, तर करंट सरळ रेषेत न जाता सेकंदाला शंभर उड्या मारत जातो. धातू साठतो तो सरासरी करंटवर. पण "ट्रू आरएमएस" लिहिलेला मल्टिमीटर एसी-डीसी एकत्र मोजायच्या खुणेवर ठेवला, तर तो सरासरी न दाखवता वर्गसरासरीचं मूळ दाखवतो. पूर्ण-तरंग रेक्टिफायरच्या साइन तरंगाला हे मूळ सरासरीच्या १.११ पट असतं.

आता बघा: ०.३५६ ÷ १.११ = ०.३२१. तुमचं वजन ०.३१८!

गणितवेडा
वा! एवढं नेमकं जुळतंय की पटूनच जावं.

कूलोम
फार देखणं अनुमान आहे. मी स्वतः असा एक रेक्टिफायर वापरलाय, मीटरचा आकडा आणि साठलेली चांदी यांत असाच दहा टक्क्यांचा फरक यायचा. फिरत्या कुंडलाचा जुना काटेवाला मीटर लावला आणि हिशेब सुतासारखा सरळ झाला, कारण तो काटा सरासरीच दाखवतो. शुभ्रताराताई, पुरवठा कोणता आहे सांगा.

रॅकवाला
मी प्लेटिंगच्या कामात बरीच वर्षं आहे. निदान करण्याआधी एक साधा प्रश्न: धनाग्राचं (जिचं तांबं विरघळतं त्या पट्टीचं) वजन केलंत का? दुसरी पट्टीही तांब्याचीच आहे ना? तिचं किती घटलं ते सांगा. करंट खोटा असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच प्रमाणात खोटं बोलतील.

शुभ्रतारा
केलंय, वहीत आहे. पण मुलांना फक्त ऋणाग्राचं गणित दिलं होतं म्हणून इथे लिहिलं नाही. धनाग्राची घट ०.३६१ ग्रॅम.

पुरवठा प्रयोगशाळेतला, स्थिर करंटचा. मीटर त्याचाच, पडद्यावर आकडा दिसतो तो.

लोलक
मग माझा चोर निर्दोष. वाढ ०.३१८ आणि घट ०.३६१. करंट खरोखर दहा टक्क्यांनी कमी असता तर धनाग्रही ०.३२ च्याच आसपास घटलं असतं. भार पूर्ण १०८० कूलोमच गेलाय. रॅकवाले, एका प्रश्नात माझं सगळं अनुमान उलटवलंत, मानलं.

अणुरेणू
आता गंमत सुरू झाली. तारेत करंट एकच, दोन्ही टोकांना सारखाच. धनाग्रावर हिशेब लागतो, ऋणाग्रावर लागत नाही. म्हणजे पाणी मुरतंय ते ऋणाग्रापाशीच. दोनच शक्यता उरतात:

एक, तिथे तांब्याबरोबर हायड्रोजनही निघाला.
दोन, तांबं पूर्ण साठलं, पण वजन करण्याआधी पट्टीवरून गळून गेलं.

ताई, पट्टी कशी दिसत होती? रंग? काठ?

शुभ्रतारा
मधे छान गुलाबीसर, मॅट. खालच्या काठाला आणि दोन्ही कोपऱ्यांना मात्र गडद तपकिरी, जवळजवळ काळपट, मखमलीसारखं. धुताना पाणी किंचित गढूळ झालं होतं. पुसायला गाळणकागद लावला तेव्हा त्यावर विटकरी डाग उमटला, पट्टीच्या काठाचा अगदी छाप. तो कागद मी टाकून दिला…

रॅकवाला
झालं तर. तो डाग म्हणजेच तुमचे मिलिग्रॅम.

आमच्याकडे याला "जळणं" म्हणतात. करंट जास्त झाला की जॉबचे (मुलामा द्यायच्या वस्तूचे) काठ आणि टोकं आधी जळतात, कारण करंट टोकांकडे जास्त ओढला जातो. तुमचे ०.४० अँपिअर ४० चौरस सेंमीवर म्हणजे चौरस डेसिमीटरला १ अँपिअर. हा आकडा तांब्याला मुळीच जास्त नाही, पण तो आमच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात. तिथे लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास मोरचूद असतं, भरपूर ॲसिड असतं आणि हवेने सतत ढवळणं चालू असतं. तुमच्याकडे लिटरला २५ ग्रॅम आणि संथ पाणी. एवढ्या पातळ बाथला हा करंट झेपत नाही.

अणुरेणू
याचं गणितही मांडता येतं. पट्टीला चिकटून द्रावणाचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. तांब्याचे आयन त्यातून विसरणानेच (दाटीकडून विरळाकडे आपोआप सरकत) पोचतात. ते किती वेगाने पोचतील याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेला जुळणारा करंट म्हणजे मर्यादी करंट:

मर्यादी करंट (दर चौरस सेंमी) = इलेक्ट्रॉनसंख्या × फॅरडे (तोच ९६४८५) × विसरणांक × संहती ÷ थराची जाडी

न ढवळलेल्या द्रावणात थर ०.२ मिमीच्या घरात धरा, विसरणांक सेकंदाला सुमारे ६ × १०⁻⁶ चौरस सेंमी, संहती घन सेंमीला ०.०००१ मोल. उत्तर येतं चौरस सेंमीला सुमारे ६ मिलिअँपिअर. ताई खेचत होत्या १०! ॲसिड थोडंच असल्यामुळे आयन विद्युतक्षेत्रानेही थोडे ओढले जातात, म्हणून प्रत्यक्ष मर्यादा याहून वर असेल. मधला भाग त्यामुळेच बऱ्यापैकी तगला. काठावर घनता सरासरीपेक्षा जास्त, तिथे मर्यादा ओलांडली. मर्यादेला टेकलं की तांबं सलग न बसता झाडाच्या फांद्यांसारखं, भुकटीसारखं वाढतं. त्याच्याही पुढे ढकललं की उरलेला करंट हायड्रोजन काढतो.

सांजवारा
माझा एक बाळबोध प्रश्न. मी घरी लोखंडी चावी मोरचुदात बुडवली होती. बॅटरी जोडायच्या आधीच ती लालसर झाली! मग फॅरडेच्या हिशेबात ते तांबं कुठे धरायचं?

कूलोम
बाळबोध मुळीच नाही, फार मोलाचा प्रश्न आहे. ते तांबं बाहेरच्या करंटचं नव्हेच. लोखंड स्वतः विरघळतं आणि आपले इलेक्ट्रॉन तांब्याला देतं. ५५.८५ ग्रॅम लोखंड गेलं की ६३.५५ ग्रॅम तांबं बसतं, म्हणजे वजनात फक्त फरकाची वाढ दिसते. म्हणून हा प्रयोग लोखंडावर केला तर वजनाचा आणि भाराचा मेळ बसत नाही. शिवाय ते तांबं नखाने निघतं, घट्ट धरत नाही.

रॅकवाला
म्हणून पोलादी जॉबवर आम्ही थेट ॲसिड कॉपर (मोरचूद आणि ॲसिडच्या बाथमधलं तांबं) कधीच देत नाही. आधी निकेलचा किंवा सायनाइड तांब्याचा पातळ अस्तर-थर. आणि इथेच हिशेब करणारे हमखास अडखळतात: सायनाइड बाथमध्ये तांबं एकसंयुजी असतं. इलेक्ट्रॉन २ नव्हे, १. ॲसिड कॉपरमध्ये एका अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम, तर सायनाइडमध्ये कागदावर २.३७ ग्रॅम. धातू तोच, भार तोच, तांबं दुप्पट. (हे फक्त माहितीसाठी. सायनाइडचं काम शिकलेल्या माणसाने, योग्य व्यवस्थेतच करायचं. त्याच्याजवळ ॲसिड आलं की प्राणघातक वायू निघतो.)

मोकळा_श्वास
माझं आधीचं मत मी मागे घेतो. हे वाचून जाणवलं की मी वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनसंख्या आवर्तसारणीतून उचलत आलो. ती खरं तर द्रावणात धातू कोणत्या रूपात आहे यावरून ठरते. सोन्याचंही असंच का?

रॅकवाला
अगदी. नेहमीच्या सायनाइड बाथमध्ये सोनं एकसंयुजी, अँपिअर-तासाला ७.३५ ग्रॅम. त्रिसंयुजी सोन्याचा बाथ असेल तर त्याच्या तिसरा हिस्सा, २.४५. बाथ कोणता ते न विचारता सोन्याचा हिशेब मांडायला बसू नये.

आमच्या डोक्यात ग्रॅम प्रति अँपिअर-तास असेच आकडे बसलेले असतात: चांदी ४.०२५, जस्त १.२२, निकेल १.०९५. आणि क्रोम? फक्त ०.३२३, कारण नेहमीच्या क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये तो षट्संयुजी, सहा इलेक्ट्रॉन मागतो. त्यावर एफिशियन्सी दहा-वीस टक्क्यांच्या घरात. बाकीचा सगळा करंट वायू काढण्यात जातो, टाकी उकळल्यासारखी फसफसत असते. १५ टक्के धरले तर एका अँपिअर-तासाला पन्नास मिलिग्रॅमही क्रोम बसत नाही.

उलट बाजूने हिशेब करायचा तर निकेल घ्या. एक चौरस डेसिमीटरवर १० मायक्रॉन हवंय. आकारमान ०.१ घन सेंमी, वजन ०.८९ ग्रॅम. १.०९५ ने भागलं की ०.८१ अँपिअर-तास, ९५ टक्के एफिशियन्सी धरून ०.८६. करंट ४ अँपिअर ठेवला तर तेरा मिनिटांच्या आसपास. पण हे १० मायक्रॉन सरासरी झाले. काठावर पंधरा असतील आणि खोबणीत पाच. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी कामाला होतो, तिथे आटे पाडलेल्या बोल्टचं क्षेत्रफळ सपाट दांड्यासारखं मोजायचे. आट्यांचं खरं क्षेत्रफळ बरंच जास्त, त्यामुळे अख्खा लॉट पातळ निघाला आणि परत आला. सूत्र बरोबर होतं, क्षेत्रफळ चुकलं होतं. तेव्हापासून क्षेत्रफळ मी दोनदा मोजतो, बाकी सगळं एकदा.

लोलक
थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताई जे करतायत त्यावरून एके काळी अँपिअरच मोजला जायचा. १९०८ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच अशी होती की सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून जो स्थिर करंट सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी साठवतो तो एक अँपिअर. मीटर तपासायचा तर चांदीचं वजन करायचं! पुढे १९४८ मध्ये ती व्याख्या मागे पडली.

आणि २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा भार आणि ॲव्होगॅड्रो संख्या हे दोन्ही आकडे व्याख्येनेच पक्के केले आहेत. त्यांचा गुणाकार म्हणजे फॅरडे, ९६४८५.३३… आता तो मोजायचा आकडाच राहिला नाही.

कूलोम
सुंदर. त्यात एक भर: फॅरडेने हे नियम १८३० च्या दशकात मांडले तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता. ठरावीक भाराला ठरावीकच धातू का, यावर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८८१ मध्ये लंडनच्या व्याख्यानात सांगितलं की पदार्थाला अणू असतील तर विजेलाही अणूसारखे सुटे कण मानावे लागतील. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या थॉमसनच्या प्रयोगांना अजून सोळा वर्षं होती. वजनाच्या काट्यावरून विजेचा कण सुचला! मी हे वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

शुभ्रतारा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा केलं, त्या विद्यार्थिनीला शेजारी घेऊन.

मोरचूद लिटरला १२५ ग्रॅम, ॲसिड वाढवलं, चुंबकी ढवळणी चालू. करंट निम्मा, ०.२० अँपिअर. वेळ दुप्पट, ९० मिनिटं. भार तोच १०८० कूलोम. पट्टी पुसली नाही, ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून काढली, मग अल्कोहोलमध्ये, आणि हवेवर वाळवली.

ऋणाग्र: वाढ ०.३५३. धनाग्र: घट ०.३६०.

९९ टक्के! पट्टी काठापर्यंत एकसारखी गुलाबी.

सांजवारा
👏👏 किती छान!

गणितवेडा
अभिनंदन! पण ताई, तुम्ही एका दमात चार गोष्टी बदलल्या: संहती, ढवळणं, करंट आणि धुण्याची रीत. कशाने फरक पडला ते यावरून ठरत नाही. रॅकवाल्यांचं निदान खरं असेल तर जुन्याच पातळ द्रावणात, जुन्याच करंटला, नुसत्या ढवळण्यानेही बराच फरक पडायला हवा.

अणुरेणू
अगदी योग्य. आणि जमलं तर जुना प्रयोग जसाच्या तसा करून धुण्याचं पाणी आणि तळाचा गाळ गाळणकागदावर घ्या. भुकटी किती आणि हायड्रोजन किती, याची वाटणी त्यातून दिसेल. एक सावधगिरी: सगळा गाळ ऋणाग्राचाच असं धरू नका. धनाग्रावर थोडं तांबं एकसंयुजी होऊन विरघळतं आणि मग द्रावणात त्याची तांबं आणि द्विसंयुजी आयन अशी फोड होते, ती बारीक भुकटीही तळाशी बसते. तुमचं धनाग्र दोन्ही वेळा हिशेबापेक्षा किंचित जास्त घटलंय, त्यात याचा थोडा वाटा असू शकतो.

गणितवेडा
ते जास्तीचे पाच मिलिग्रॅम मीटरच्या सव्वा टक्क्यातही जवळपास बसतात. त्यावर इमले नकोत. 🙂

शुभ्रतारा
दोन्ही केलं. उशीर झाला, कारण गाळणकागद पूर्ण वाळेपर्यंत थांबले.

पातळ द्रावण, ०.४० अँपिअर, ४५ मिनिटं, फक्त ढवळणं वाढवलं, धुणं-पुसणं पहिल्यासारखंच: वाढ ०.३४७. कागदावर डाग जेमतेम दिसेल इतका.

जुना प्रयोग जसाच्या तसा, न ढवळता: वाढ ०.३२०. या वेळी पुसलेला कागद टाकला नाही. तो, धुण्याचं पाणी आणि तळाचा गाळ मिळून भुकटी ०.०२१ ग्रॅम. शेवटच्या पंधरा मिनिटांत भिंग लावून बघितलं तर काळ्या कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे धरलेले दिसले. सुटून वर येत होते, थोडेच, पण येत होते. विद्यार्थिनीला आधी दिसले, मला नंतर.

अणुरेणू
०.३२० अधिक ०.०२१ म्हणजे ०.३४१. उरले १५ मिलिग्रॅम. त्याला भार लागतो सुमारे ४५ कूलोम. तो सगळा हायड्रोजनवर गेला असं धरलं तर वायू निघेल साडेपाच घन सेंमीच्या आसपास. काही भुकटी गाळताना निसटलीही असेल, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. तुम्ही पाहिलेल्या बुडबुड्यांशी हे विसंगत नाही.

रॅकवाला
वापरलेलं मोरचुदाचं पाणी मोरीत ओतू नका, जलचरांना ते विष आहे. साठवून ठेवा, पुढच्या वर्गाला तेच चालेल.

शुभ्रतारा
बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवलंय.

मुलीच्या वहीत तिने स्वतः तीन ओळी मांडल्या: पट्टीवरचं तांबं, गळलेलं तांबं, वायू. खाली बेरीज १०८० कूलोम. आता ती विचारतेय की कोपऱ्यावर परीक्षानळी उलटी धरून तो वायू गोळा करता येईल का. पुढच्या आठवड्यात करतोय, आकडे इथेच टाकते.